बिल्डरचा कटर येण्याआधी: शेजारचं झाड आणि त्यावरची घरटी वाचवायची तर नेमकं काय करायचं

आमच्या शेजारच्या प्लॉटवरचा वर्षावृक्ष गेला तो एका शनिवारी सकाळी. साडेसातला कटरचा आवाज आला, मी गॅलरीत गेले तर एक माणूस वर दोर बांधून उभा आणि अर्धी बाजू आधीच खाली. जून संपत आला होता, झाडावर रातबगळ्यांची घरटी होती, कधी मोजली नव्हती पण पंधरा-वीस तरी असतील. आम्ही चार-पाच जण धावत खाली गेलो, आरडाओरडा केला, महापालिकेला फोन केला तर सुट्टी, पोलीस आले तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला की तुमच्याकडे काही कागद आहे का, आणि सुपरवायझरने मात्र खिशातून एक झेरॉक्स काढून दाखवली. ती झेरॉक्स दुसऱ्याच सर्व्हे नंबरची होती हे आम्हाला मंगळवारी कळलं. झाड साडेदहालाच आडवं झालं होतं. खाली मासळीचा वास, फुटलेली फिकट निळसर हिरवी अंडी, आणि पिल्लं, काही जिवंत, पंख पण न फुटलेली.

त्यानंतरच्या चार वर्षांत मी आणि आमच्या गल्लीतले काही लोक हे सगळं शिकलो. त्यातून एक गोष्ट पक्की समजली ती अशी, की झाड वाचतं ते कटर आल्यावर केलेल्या आंदोलनाने क्वचितच, ते वाचतं झाड शांत उभं असताना तयार केलेल्या तारखेच्या कागदाने. म्हणून हे सगळं नवीन माणसासाठी लिहितेय, ज्याच्या शेजारच्या प्लॉटभोवती आत्ता नुसते बिल्डरचे पत्रे लागलेत आणि ज्याला पोटात गोळा आलाय पण कुठून सुरुवात करायची ते माहीत नाही. हे महाराष्ट्रातल्या शहरांपुरतं आहे, म्हणजे महापालिका किंवा नगरपालिका असलेल्या भागापुरतं. ग्रामीण भागाला १९६४ चा वेगळा वृक्षतोड कायदा आहे, त्यात आंबा, चिंच, जांभूळ, फणस, मोह, साग अशा ठरावीक झाडांची यादी आहे, तिथे वनविभाग आणि तहसीलदार ऑफिसात चौकशी करायची.

सगळ्यात आधी झाडांची यादी करा, आजच

पत्रे लागले, मातीपरीक्षणाची गाडी आली, सोसायटीच्या नोटीस बोर्डावर रिडेव्हलपमेंटचा ठराव लागला, यातलं काहीही दिसलं की समजायचं आपल्या हातात काही महिने आहेत, कधी कधी काही आठवडेच. एक वही घ्या, मोबाइलवर लोकेशन आणि तारीख फोटोवरच छापणारं कॅमेऱ्याचं ॲप टाका (अशी फुकट ॲप बरीच आहेत) आणि प्रत्येक झाडाचे चार फोटो काढा: पूर्ण झाड, बुंधा, शेंडा, आणि एक असा ज्यात झाडामागे ओळखू येणारी इमारत किंवा कंपाउंड वॉल आहे. हा चौथा फोटो सगळे विसरतात आणि नंतर तोच लागतो, कारण बिल्डरचा माणूस म्हणतो हे झाड या प्लॉटवरचं नाहीच.

बुंध्याचा घेर जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर मोजा, शिवणकामाची टेप चालते. प्लॉटच्या आत जाता येत नसेल तर घुसू नका, उगाच अतिक्रमणाची तक्रार अंगावर येते. शेजारच्या गच्चीवरून फोटो काढा आणि घेर अंदाजे लिहा, शेजारी "अंदाजे" असं स्पष्ट लिहा.

मग झाडाचं वय. २०२१ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी क्षेत्रातल्या वृक्षसंरक्षण कायद्यात ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला "प्राचीन वृक्ष" म्हणजे हेरिटेज ट्रीचा दर्जा आहे. शिवाय एखादं झाड तोडायची परवानगी दिली तर त्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात, म्हणजे ४० वर्षांचं झाड असेल तर ४० रोपं. त्यामुळे अर्जात वय कमी दाखवण्यात बिल्डरचा सरळ फायदा आहे, आणि आम्ही पाहिलेल्या अर्जांत ते नेहमी कमीच दाखवलेलं होतं. वय कसं सिद्ध करायचं? कुणाच्या तरी घरी १९७०-८० च्या लग्नाचा, मुंजीचा, गणपतीचा फोटो असतो ज्यात मागे ते झाड दिसतं. आमच्याकडे एका आजींच्या बारशाच्या अल्बममध्ये कडुलिंब सापडला, मागे १९६८ असं शाईने लिहिलेलं. गूगल अर्थवर जुनी सॅटेलाइट चित्रं बघता येतात, ती साधारण गेल्या वीसेक वर्षांची मिळतात, त्यांचे स्क्रीनशॉट घ्या. जुन्या रहिवाशांकडून सहीचं निवेदन घ्या की मी अमुक सालापासून इथे राहतो आणि तेव्हा हे झाड एवढं मोठं होतं.

घरटी शोधायला वेळ द्या, घाई इथे नको

यावर मी जास्त लिहिणार आहे कारण लोक झाडाचंच बोलतात आणि घरट्याचा मुद्दा शेवटी भावनेपोटी जोडतात. प्रत्यक्षात घरटं हा वेगळा कायदा आहे आणि वेगळं खातं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २ मध्ये "शिकार" या शब्दाची जी व्याख्या आहे त्यात जंगली पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंडी किंवा घरटी विस्कटणं हेसुद्धा येतं. म्हणजे बंदूक लागत नाही, कटर पण शिकारच. अनुसूचीतल्या (म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीतल्या) प्राण्या-पक्ष्यांच्या शिकारीला कलम ९ ने बंदी आहे आणि कलम ५१ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पहिल्या अनुसूचीतला जीव असेल तर शिक्षा आणखी कडक. वृक्ष प्राधिकरणाची (झाड तोडायची परवानगी देणाऱ्या पालिकेच्या समितीची) परवानगी खिशात असली तरी घरटं पाडायची परवानगी त्यात येत नाही. हे वाक्य पाठ करून ठेवा, सुपरवायझरसमोर आणि पोलिसासमोर दोन्हीकडे लागतं.

२०२२ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात हायवे रुंदीकरणासाठी एक झाड पाडलं, त्यावर पक्ष्यांची पिल्लं होती, झाड कोसळतानाचा व्हिडिओ सगळीकडे फिरला, आणि वनविभागाने वन्यजीव कायद्याखाली गुन्हा नोंदवला. झाड रस्त्यासाठी पाडायचंच होतं, पण पिल्लं उडून जाईपर्यंत थांबले असते तर काही बिघडलं नसतं. आपण मागतो ते अनेकदा एवढंच असतं.

आता घरटं वापरात आहे हे कसं ओळखायचं, कारण समोरून हमखास उत्तर येतं की "मॅडम ती रिकामी आहेत, गेल्या वर्षीची". बगळ्यांच्या झाडाखाली जमीन पांढरी झालेली असते, ताजी शिट ओली आणि चकचकीत दिसते, जुनी खडूसारखी. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात एका जागी खुर्ची टाकून बसा. मोठा पक्षी चोचीत काडी घेऊन आला तर घरटं बांधणं चालू आहे, मासा किंवा किडा घेऊन आला तर पिल्लं आहेत, नुसता तासन् तास बसून आहे तर अंडी आहेत. हे वेळेसकट वहीत लिहा: "६.४० ला कावळा आला, चोचीत काहीतरी, ६.४१ ला पिल्लांचा आवाज". रोज दहा मिनिटं पुरतात, पण सलग सात-आठ दिवस हवं.

ढोलीतली घरटी जास्त अवघड. पोपट, पिंगळा हे जुन्या झाडाच्या पोकळीत राहतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तांबट पक्षी वाळलेल्या फांदीला खालच्या बाजूने गोल भोक पाडतो, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, इतकं गोल की ड्रिलने पाडल्यासारखं वाटतं. आणि नेमकी तीच वाळकी फांदी "धोकादायक" म्हणून आधी छाटतात. राखी धनेशाचं तर विलक्षण आहे, मादी ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून घेते, फक्त चोच मावेल एवढी फट राहते, आणि नर आठवडेच्या आठवडे त्या फटीतून तिला आणि पिल्लांना वड-उंबराची फळं भरवतो. त्या काळात झाड पडलं तर मादीला बाहेर उडून जायची सोयच नसते. मी हे एकदा दुर्बिणीतून पाहिलं, नराने गळ्यातून एकामागून एक फळं वर काढली, मी चौदापर्यंत मोजली, आणि प्रत्येक वेळी आतून ती चोच पुढे यायची. धनेशाची ढोली असेल तर झाडाखाली फळांच्या बिया आणि शिटीचा ढीग असतो, वर बघण्याआधी खाली बघा.

महिने पण लक्षात ठेवा. घारी हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत, पोपट-पिंगळे साधारण जानेवारी ते एप्रिल, धनेश मार्च ते जून, कावळे एप्रिलपासून पावसाच्या सुरुवातीपर्यंत (आणि त्यांच्या घरट्यात कोकिळेची अंडी), बगळे, ढोकरी, पाणकावळे आणि सुगरण पावसाळ्यात. म्हणजे सगळ्या पक्ष्यांना सोयीचा असा एकच महिना सांगता येत नाही, तरी बऱ्याचशा झाडांना ऑक्टोबर-नोव्हेंबर त्यातल्या त्यात मोकळा असतो, आणि तोडायचीच असेल तर तेव्हा, तीही आधी पाहणी करून, अशी मागणी आपण करू शकतो.

एक कळकळीची विनंती. घरट्याजवळ जाऊ नका, शिडी लावू नका, फ्लॅश मारू नका, ड्रोन तर अजिबात नको. आणि पिंगळा, घुबड, पोपट यांच्या ढोलीचं नेमकं लोकेशन कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, पिल्लं चोरून विकणारे लोक आहेत. लोकेशन फक्त वनविभागाच्या अर्जात. पक्षी ओळखता येत नसेल तर मुंबईत बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) आहे, राज्यभरात महाराष्ट्र पक्षीमित्र या संघटनेचे लोक आहेत, फोटो पाठवला तर कुणीतरी सांगतंच.

नोटीस शोधणं

कायद्याप्रमाणे झाड तोडायचा अर्ज आला की पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याने स्वतः येऊन पाहणी करायची असते, स्थानिक पेपरात जाहिरात द्यायची असते आणि त्या झाडावरच नोटीस चिकटवायची असते. चिकटवतात, पण कधी कधी पत्र्याच्या आतल्या बाजूला, जिथे बाहेरून कुणाला दिसत नाही. तर रोज एक चक्कर मारा, महापालिकेच्या वेबसाइटवर उद्यान विभागाच्या पानावर आठवड्यातून दोनदा बघा, आणि गल्लीत ज्यांच्याकडे पेपर येतो त्यांना छोट्या जाहिराती वाचायची जबाबदारी द्या. आमच्याकडे एक काका हे काम गेली तीन वर्षं न चुकता करतात आणि आम्हाला दोन नोटिशी त्यांच्यामुळेच सापडल्या.

नोटीस सापडली की तिचा फोटो काढा, झाडावर लावलेल्या जागेसकट. बहुतेक वेळा हरकत द्यायला सात दिवसच दिलेले असतात. झाडांची संख्या आणि नावं आपल्या यादीशी ताडून बघा. आम्हाला एकदा नोटिशीत ११ झाडं दिसली आणि आमच्या वहीत १९ होती, राहिलेली ८ "झुडपं" म्हणून सोडून दिली होती, त्यात एक चांगलं तीन मजली उंच जांभळाचं झाड.

हरकत लिहायची कशी

लांब लिहू नका. ऑक्सिजन, ग्लोबल वॉर्मिंग, संतवचनं, हे सगळं खरं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर त्याचा उपयोग होत नाही. त्याला उत्तर द्यावंच लागेल असे प्रश्न लिहा. आमची हरकत साधारण अशी असते:

"प्रति, वृक्ष अधिकारी. विषय: दिनांक अमुकच्या जाहीर नोटिशीवर हरकत. महोदय, नोटिशीत ११ झाडे दाखवली आहेत, प्रत्यक्ष जागेवर १९ आहेत, यादी व फोटो सोबत जोडले आहेत. झाड क्रमांक ४ कडुलिंब याचे वय अर्जात २५ वर्षे दाखवले आहे, सोबतच्या १९६८ च्या फोटोत ते झाड दिसते, सबब ते प्राचीन वृक्ष ठरते. झाड क्रमांक ७ वर कावळ्याचे व क्रमांक ९ च्या ढोलीत पिंगळ्याचे वापरातील घरटे आहे, निरीक्षणाची तारीखवार नोंद सोबत आहे. झाडे क्रमांक १ ते ५ ही कंपाउंडलगत असून मंजूर नकाशानुसार बांधकामात येत नाहीत, ती तोडण्याचे कारण लेखी द्यावे. आमच्या उपस्थितीत जागेची फेरपाहणी करावी, मला समक्ष सुनावणी द्यावी, आणि तोपर्यंत कोणतेही झाड तोडू, छाटू किंवा हलवू नये."

बस, एवढंच. दोन प्रती काढा, एक द्या, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का नाही तर हरकत दिलीच नाही असं समजा. ईमेल पण करा, पण ईमेलवर विसंबू नका. आणि एकाच पत्रावर शंभर सह्या घेण्यापेक्षा वीस जणांनी वीस वेगळी पत्रं, प्रत्येकाने स्वतःला दिसणारं झाड आणि पक्षी लिहिलेली, हे जास्त जड पडतं, कारण प्रत्येक पत्राला वेगळा आवक क्रमांक मिळतो.

घरट्याचा मुद्दा असेल तर त्याच पत्राची प्रत त्याच दिवशी वनविभागाच्या परिक्षेत्र वनाधिकाऱ्याला. पक्ष्याचं नाव लिहा, कुठल्या अनुसूचीत आहे ते तुम्हाला माहीत नसलं तरी चालतं, ते बघणं त्यांचं काम आहे.

झाडं २०० किंवा जास्त असतील (पाच वर्षांवरची) तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार विषय राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे जायचा, आता तो कुणाकडे जातो ते उद्यान विभागात विचारून घ्या. मोठ्या प्रोजेक्टमध्ये झाडं टप्प्याटप्प्याने, आधी १५०, मग १२०, अशी दाखवली जात नाहीत ना हे तपासा. आणि बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर असेल तर त्याला पर्यावरण मंजुरी लागते, त्या अर्जातही झाडांचा आकडा असतो, केंद्र सरकारच्या परिवेश या पर्यावरण मंजुरीच्या पोर्टलवर तो बघता येतो. दोन ठिकाणचे आकडे जुळले नाहीत तर तो तुमच्या हरकतीचा सगळ्यात भक्कम मुद्दा.

सुनावणीत

तीन माणसं जा, एकाने बोला, एकाने लिहा, एकाने कागद पुढे करा. नुसतं "तोडू नका" म्हणू नका, "नकाशात हा गेट चार मीटर सरकवला तर तीन झाडं वाचतात" असं म्हणा, जमलं तर नकाशावर पेन्सिलने काढून न्या, ओळखीतला एखादा आर्किटेक्टचा विद्यार्थी हे एका संध्याकाळी करून देतो. सांगली जिल्ह्यात भोसे गावच्या जुन्या वडासाठी २०२० मध्ये लोक उभे राहिले तेव्हा हायवेची आखणीच बदलली. रस्ता वळू शकतो, मग पार्किंगचा रॅम्प का नाही वळणार.

"पुनर्रोपण करू" हे ऐकून लगेच समाधान मानू नका. मोठं झाड मुळं छाटून, फांद्या उडवून दुसरीकडे खोचलं तर ते पुष्कळदा मरतं, आणि जगलं तरी त्यावरची घरटी तर गेलेलीच असतात. कुठे लावणार, कोण पाणी घालणार, मागच्या वेळी लावलेली किती जगली, हे लेखी मागा.

परवानगी मिळाली तर

इथे नवीन लोक हार मानतात आणि हीच चूक आहे. कायद्यात परवानगी दिल्यापासून पंधरा दिवस झाड तोडता येत नाही, आणि झाड पडायच्या आत हरकत आली तर प्राधिकरणाने हरकत घेणाऱ्याचं म्हणणं ऐकून फेरविचार करायचा असतो. ते पंधरा दिवस तुमचे आहेत. त्याच दिवशी परवानगीची प्रत मागा, तोंडी मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका (१० रुपये, उत्तराला ३० दिवस, म्हणून त्यावर अवलंबून राहू नका, पण पुढे कोर्टात तो अर्ज कामाला येतो) आणि फाइल प्रत्यक्ष बघायची मागणी करा. फाइलमध्ये पाहणी अहवाल वाचा. आमच्या एका अहवालात पक्ष्यांच्या रकान्यात "निरंक" होतं आणि पाहणीची वेळ दुपारी दोन.

परवानगीतल्या अटी एका कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून गेटसमोरच्या घराच्या भिंतीवर लावा: कुठली झाडं, किती, कुठल्या क्रमांकाची. कुणीही कटरवाल्याला थांबवून तो कागद दाखवू शकतो.

कटर आलाच तर

शनिवार, रविवार, सणाची सुट्टी, पहाट, यातलं काहीतरी असणार. आधी ठरवून ठेवा कोण काय करणार, कारण त्या क्षणी डोकं चालत नाही, माझं तरी नव्हतं चाललं. एक माणूस फक्त व्हिडिओ काढतो, न थांबता, गाडीचा नंबर, झाडाचा क्रमांक आणि आवाजासकट, बोलताना तारीख-वेळ-पत्ता सांगतो. दुसरा ११२ ला फोन करतो, तिसरा वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला, आणि "पक्ष्यांची पिल्लं असलेलं झाड तोडत आहेत" हे वाक्य पहिलं बोलतो, झाडाचं नंतर. चौथा वृक्ष अधिकाऱ्याला मेसेज करतो. पाचवा सुपरवायझरला परवानगीची प्रत मागतो आणि तिच्यावरचा सर्व्हे नंबर, तारीख, झाडांची संख्या वाचतो. आम्ही त्या शनिवारी नुसता सर्व्हे नंबर वाचला असता तर अर्धं झाड तरी राहिलं असतं.

मजुरांशी भांडू नका. तो माणूस रोजावर आलाय, त्याला कुणी सांगितलेलं नसतं. उलट त्याला वरची पिल्लं दाखवा, मी दोनदा पाहिलंय की वर चढलेल्या माणसाने स्वतःच खाली उतरून सांगितलं की मी ही फांदी मारणार नाही. झाडावर चढणं, कटरसमोर हात घालणं, गाडीची हवा काढणं, यातलं काहीही करू नका, इजा होते आणि केस तुमच्यावर होते.

"धोकादायक झाड आहे, परवानगी लागत नाही" असं म्हणाले तर विचारा की कायद्याप्रमाणे चोवीस तासांत वृक्ष अधिकाऱ्याला कळवणार ना, मग ते आत्ताच माझ्यासमोर कळवा. खरंच झुकलेलं, पोकळ झालेलं झाड असतं, ते मान्य करा, सगळ्याच झाडांसाठी अडून बसलात तर पुढच्या वेळी कुणी ऐकत नाही. पण बुंध्याला पाडलेली भोकं, आत ओतलेलं ॲसिड, सालीची गोल पट्टी काढलेली, जेसीबीने एका बाजूची मुळं उघडी केलेली, हे दिसलं तर ती तोडच आहे. कायद्यात झाड "तोडणे" म्हणजे जाळणं, कापणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं.

पंचनामा झाल्याशिवाय लाकूड हलवू देऊ नका असं पोलिसांना लेखी सांगा. ओंडके गेले की पुरावा गेला. बुंध्याच्या कापलेल्या भागाचा फोटो टेप ठेवून काढा.

पिल्लं खाली पडली असतील तर पंख न फुटलेली पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ कापड घालून, भोकं पाडून, सावलीत शांत ठेवा आणि रेस्क्यूवाल्यांना बोलवा. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनळीत जाऊन मरतात. दूध-पाव तर नाहीच. मेलेल्या पिल्लांचे पण फोटो, संख्या, आणि वनविभाग येईपर्यंत ती तिथेच, कितीही वाईट वाटलं तरी. पूर्ण पंख आलेलं पिल्लू असेल तर जवळच्या फांदीवर ठेवून लांब उभे राहा, आई-बाप बहुतेक वेळा येतात.

कोर्ट

वृक्ष कायद्याचा विषय असेल तर उच्च न्यायालय, पर्यावरण मंजुरीच्या अटींचा भंग असेल तर पुण्याचं राष्ट्रीय हरित लवाद, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायाधिकरण. वकील शोधणं आधीच करून ठेवा, परवानगी निघाल्यावर नाही. बाईच्या नावाने अर्ज असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो, हे फार कमी जणींना माहीत असतं.

आणि मुंबईतलं आरे लक्षात ठेवा, मेट्रो कारशेडसाठीची झाडतोड. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली, ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवलं तोवर दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती. म्हणून निकालाच्या दिवशी वकिलाला आधीच सांगून ठेवा की निकाल विरोधात गेला तर तिथेच उभं राहून काही दिवसांची स्थगिती मागायची, वरच्या कोर्टात जायला वेळ मिळावा म्हणून. आणि त्या रात्री झाडाजवळ कुणीतरी जागं हवं.

झाड गेल्यावरही तक्रार सोडू नका. मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ताजमहालच्या संरक्षित पट्ट्यात विनापरवाना तोडलेल्या ४५४ झाडांसाठी दर झाडामागे एक लाख दंड कायम ठेवला. आपल्या अर्जात हा दाखला घालायला काही पैसे पडत नाहीत.

शेजारी आणि सोसायटीतली माणसं

हे सगळ्यात कठीण आणि याला फॉर्म नाही. ज्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट आहे तिथली माणसं गळक्या घरात राहतायत, लिफ्ट नाही, म्हातारे आई-वडील तिसऱ्या मजल्यावर, त्यांना तुम्ही त्यांच्या नव्या घराच्या आड येणारे वाटता. त्यांच्याकडे हरकतीच्या आधी जा, नंतर नाही. सांगा की आम्हाला बिल्डिंग थांबवायची नाहीये, कडेची पाच झाडं आणि पिल्लं उडेपर्यंतचे सहा-आठ आठवडे एवढंच हवंय. आमच्या शेजारच्या दुसऱ्या प्लॉटवर त्याच सोसायटीच्या सेक्रेटरींनी स्वतः बिल्डरकडून लिहून घेतलं की ढोलीचा कडुलिंब राहील, आणि गेट पलीकडे सरकलं.

आता त्या कडुलिंबाभोवती बांधकाम चालू आहे. दर रविवारी आमच्यातलं कुणीतरी जाऊन बघतं की बुंध्याभोवती सिमेंटची पोती, खडी किंवा रंगाचं पाणी तर टाकलेलं नाही, मुळांवर काँक्रीट तर आलं नाही, आणि वहीत तारीख टाकून एक फोटो लावतं. परवानगीत लावायला सांगितलेली रोपं पण मोजतो, सात वर्षं सांभाळायची असतात, जिओटॅगसकट. गेल्या खेपेला ४० पैकी २६ उभी दिसली, त्याचं पत्र सोमवारी उद्यान विभागात दिलं, आवक शिक्का घेतलाय.